अकराव्यापासून बाराव्यापर्यंत : शोसान-जीच्या चढाचा अनुभव

जपानच्या शिकोकु बेटावर कोबो दाइशी या नवव्या शतकातील बौद्ध भिक्षूंच्या नावाने अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा चालते. सगळी मंदिरे पायी करायची तर सुमारे १,२०० किलोमीटर चालावे लागते आणि त्यात साधारण ४० ते ५० दिवस जातात. मी त्यातला फक्त एक टप्पा केला: अकराव्या फुजिइ-देरापासून बाराव्या शोसान-जीपर्यंतचा १२.९ किलोमीटरचा डोंगरी रस्ता. तोकुशिमा जिल्ह्यातील या वाटेला यात्रेकरू ‘हेन्रो कोरोगाशी’ म्हणतात, म्हणजे यात्रेकरूला लोळवणारा चढ. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी तो एकटीने चढले. माझे वय ४६ असून गिर्यारोहणाचा मला अनुभव नाही आणि माझे जपानी कामापुरते आहे. जाण्यापूर्वी ज्या साध्यासाध्या गोष्टी मला कोणीतरी मराठीत सांगायला हव्या होत्या, त्या येथे घडल्या त्या क्रमाने लिहीत आहे.

मी मूळची नागपूरची. चार वर्षांपासून आम्ही ओसाकात राहतो. माझे वडील जानेवारीत गेले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जाणे आणि परतताना एखादे पुस्तक विकत आणणे हा त्यांचा नेम होता. जपानविषयी त्यांना कुतूहल होते, आणि त्याचे कारण भदन्त सुरेई ससाई. जपानमध्ये जन्मलेला हा भिक्खू अनेक दशके नागपुरात राहून तिथलाच झाला, याचे वडिलांना फार अप्रूप होते. “तिकडे गेलीच आहेस तर एखाद्या जुन्या विहारात जाऊन वंदना घे,” असे ते मला फोनवर दोन-तीनदा म्हणाले होते. ते राहून गेले, म्हणून मी ही यात्रा ठरवली.

मनात दोन भीती होत्या. पहिली अर्थातच चढाची. दुसरी सांगायला थोडी अवघड आहे. आमच्या घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, देव्हारा नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्याकडे पाठ असतात. शिकोकुच्या यात्रेतील बहुतेक मंदिरे मात्र शिंगोन या मंत्रमार्गी पंथाची आहेत. तिथे बोधिसत्त्वांबरोबर अनेक देवताही असतात, होमही होतो. अशा ठिकाणी मी कोणासमोर हात जोडायचे आणि कोणासमोर नाही, आणि तिथल्या लोकांना त्याचे वाईट वाटेल का, हा प्रश्न मला चढापेक्षाही जास्त छळत होता.

तयारीची सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रजेच्या अर्जाने झाली. शुक्रवार १५ आणि सोमवार १८ नोव्हेंबर अशा दोन दिवसांची रजा मी मागितली. सोमवारची रजा गुडघ्यांसाठी होती, आणि ती घेतली हे फार बरे झाले. त्यानंतरचे काम मुक्कामाचे. शोसान-जीच्या खाली डोंगरात राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आरक्षण फोनवरच होते. पहिल्या ठिकाणी जागा नव्हती. दुसऱ्या ठिकाणी कार्यालयातील एका सहकारी बाईंनी माझ्या वतीने फोन केला. पलीकडून विचारलेले प्रश्न मी मुद्दाम टिपून ठेवले होते: नाव, माणसे किती, पायी येणार की गाडीने, किती वाजता पोहोचणार, काय खात नाही. फक्त ‘शाकाहारी’ म्हणून येथे काम भागत नाही, कारण भाजीच्या रस्साचा अर्कही माशाचा असतो. मांस नको, मासा नको, अर्क चालेल की नाही, हे एकेक वेगळे सांगावे लागते. मी अर्क चालेल असे सांगितले. ज्यांना चालणार नाही त्यांनी आपले जेवण बरोबर नेण्याची तयारी ठेवावी. रात्रीचे आणि सकाळचे जेवण धरून ८,५०० येन, तेही रोखीने. संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायचे आणि मंदिरातून निघताना फोन करायचा, अशी अट त्यांनी घातली. ही अट यात्रेकरूच्याच भल्यासाठी असते, कारण एखादा यात्रेकरू आला नाही तर शोधायला त्यांनाच बाहेर पडावे लागते.

नोव्हेंबरच्या मध्यावर तोकुशिमात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मंदिरांत यात्रेच्या वहीत शिक्का मारून देणारी खिडकी सकाळी आठला उघडून संध्याकाळी पाचला बंद होते. एप्रिल २०२४ पूर्वी ती सातला उघडत असे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत सातची वेळ छापलेली आढळते. शनिवारी आठ वाजता फुजिइ-देराचा शिक्का घेऊन मग चढायला लागले, तर माझ्या वेगाने अंधार पडला असता. म्हणून अकरावे मंदिर शुक्रवारीच करून शनिवारी उजाडताच थेट वाटेला लागायचे असे मी ठरवले. हळू चालणाऱ्या प्रत्येकाने असेच करावे असे मला मनापासून वाटते.

शुक्रवारी सकाळी सातच्या सुमाराच्या बसने ओसाकाहून निघाले. एका बाजूचे भाडे सुमारे ४,००० येन. बस आकाशी काइक्यो पुलावरून आवाजी बेटावर येते आणि तिथून नारुतोच्या पुलावरून शिकोकुवर उतरते. तोकुशिमाहून लोकल गाडीने बांदो स्थानक आणि तिथून थोडे चालत मी पहिल्या मंदिरात, र्योझेन-जीत गेले. माझ्या टप्प्याशी या मंदिराचा थेट संबंध नव्हता, पण यात्रेचे सामान तिथे मिळते आणि पूजेची रीतही शिकायला मिळते. ‘र्योझेन’ म्हणजे आपला गृध्रकूट, राजगीरचा तो डोंगर जिथे बुद्धांनी उपदेश केला. मंदिराच्या दुसऱ्या नावात, ‘जिकुवा-सान’मध्ये, ‘जिकु’ म्हणजे भारत आणि ‘वा’ म्हणजे जपान. मुख्य मूर्ती शाक्यमुनींची. यात्रेची सुरुवातच अशा ठिकाणी होते हे मला आधी माहीत नव्हते, आणि ते कळल्यावर मनावरचा निम्मा भार उतरला.

सामानात मी पांढरा बिनबाह्यांचा अंगरखा, गवताची शंकूच्या आकाराची टोपी, काठी, शिक्क्यांची वही, नावाच्या चिठ्ठ्या, मेणबत्त्या, उदबत्त्या आणि सूत्राची छोटी पुस्तिका घेतली. सगळे मिळून साधारण ११,००० येन झाले. सक्ती कशाचीच नाही. साध्या कपड्यांत यात्रा करणारे पुष्कळ लोक मी पाहिले. पण काठी मात्र घ्यावीच. तिला ‘कोंगोझुए’ म्हणजे वज्रदंड म्हणतात आणि ती कोबो दाइशींचे रूप मानली जाते. टोपीवर आणि काठीवर ‘दोग्यो निनिन’ असे लिहिलेले असते, म्हणजे ‘वाटेने दोघे बरोबर’: एक यात्रेकरू आणि दुसरे दाइशी. काठीचा माथा खाचांनी पाच भागांत विभागलेला असून त्या पाच भागांवर पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश यांची बीजाक्षरे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत असतात. पूर्वी यात्रेकरू वाटेत मेला तर त्याला तिथेच पुरून ही काठी खूण म्हणून उभी करत, आणि पांढरा अंगरखा हेच त्याचे कफन होई. दुकानातील बाईंनी हे अगदी सहजपणे सांगितले. मी तो पांढरा अंगरखा अंगात घातला तेव्हा मला दीक्षाभूमीवरच्या पांढऱ्या गर्दीत उभे असलेले वडील दिसले, आणि थोडा वेळ मी बाकावर बसून राहिले.

पूजेची रीत अशी. महाद्वारात एकदा वाकून नमस्कार करावा. हात आणि तोंड पाण्याने स्वच्छ करावे. घंटा वाजवायची असेल तर आत येतानाच वाजवावी. परतताना वाजवणे अशुभ मानतात. मुख्य मंडपापुढे एक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या लावाव्यात, नावाची चिठ्ठी पेटीत टाकावी, नाणे अर्पावे आणि सूत्र म्हणावे. मग दाइशींच्या मंडपापुढे हेच पुन्हा करावे, आणि सगळ्यात शेवटी शिक्क्यासाठी जावे. माझ्याकडून पहिल्याच ठिकाणी चूक झाली. वही हातात नवी होती, म्हणून मी पूजा न करता आधी शिक्क्याच्या खिडकीशी गेले. या शिक्क्याला ‘नोक्यो’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच ‘सूत्र अर्पण करणे’ असा आहे. पूर्वी लोक हाताने लिहिलेले सूत्र मंदिरात ठेवत आणि त्याची पोच म्हणून हा शिक्का मिळे. तेव्हा सूत्र म्हणण्याआधी पोच मागणे योग्य नव्हे. मी परत मंडपाकडे गेले, सूत्र वाचले आणि मगच वही पुढे केली. एका शिक्क्याचे ५०० येन पडतात. मार्च २०२४ पर्यंत ३०० होते. सुट्टी नाणी जवळ असलेली बरी.

चिठ्ठ्यांविषयीही सांगायला हवे. तिला ‘ओसामेफुदा’ म्हणतात. तिच्यावर तारीख, पत्ता, नाव, वय आणि मनातली इच्छा लिहायची असते. ज्यांची यात्रा चार वेळांपर्यंत झाली आहे त्यांच्यासाठी पांढरी चिठ्ठी. पाचव्यापासून हिरवी, मग लाल, रुपेरी, सोनेरी, आणि शंभर वेळा यात्रा करणाऱ्याला जरीची. पूर्ण पत्ता लिहिण्याची गरज नाही, जिल्हा आणि शहर पुरते. एका मंदिराला दोन चिठ्ठ्या लागतात, आणि मंडपासमोर उभे राहून लिहिणे फार गैरसोयीचे असते, म्हणून आदल्या रात्रीच लिहून ठेवाव्यात. मी नाव देवनागरीत आणि जपानी लिपीत लिहिले. इच्छेच्या जागी पहिल्या चिठ्ठीवर काय लिहावे हे सुचेना. शेवटी वडिलांचे नाव आणि ‘भवतु सब्ब मंगलं’ एवढेच लिहिले.

दुपारी तोकुशिमाहून दुसऱ्या लोकलने कामोजिमाला उतरले आणि तीन-एक किलोमीटर चालत फुजिइ-देरा गाठले. वाटेत एका वृद्ध बाईंनी घरातून बाहेर येऊन माझ्या हातात चार संत्री ठेवली. याला ‘ओ-सेत्ताई’ म्हणतात. यात्रेकरूला दिलेले दान दाइशींनाच पोहोचते अशी इथली श्रद्धा असल्यामुळे ते नाकारायचे नसते. घेऊन नमस्कार करावा आणि आपली एक चिठ्ठी त्यांना द्यावी. पंढरीच्या वाटेवर गावोगाव लोक वारकऱ्यांना पाणी आणि भाकरी देतात, त्या माणसांची मला तिथे आठवण झाली. कार्तिकी एकादशी होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते.

फुजिइ-देरा हे झेन पंथाचे मंदिर आहे. अठ्ठ्याऐंशीमध्ये झेनची मंदिरे अगदी थोडी आहेत. मुख्य मंडपाच्या छतावर मोठा ड्रॅगन रंगवलेला आहे. चारच्या आत शिक्का मिळाला. त्यानंतर मंडपाच्या बाजूने डोंगरात शिरणारी वाट कुठून सुरू होते हे पाहून ठेवले, म्हणजे पहाटेच्या कमी उजेडात शोधाशोध नको. रात्री कामोजिमाजवळच्या एका साध्या हॉटेलात राहिले, ६,८०० येन. दुकानातून आंबट आलुबुखार भरलेले चार भाताचे गोळे घेतले, शाकाहारी माणसाला तेच सगळ्यात निर्धोक. आणि घरून आणलेल्या दशम्या होत्या. दोन लिटर पाणी भरले. फुजिइ-देरा सोडल्यावर शोसान-जीपर्यंत वाटेत एकही दुकान नाही.

शनिवारी सकाळी पावणेसात वाजता मी चढायला सुरुवात केली. आकाश ढगाळ होते आणि झाडांखाली अजून अंधार होता. वाटेच्या सुरुवातीला छोटी दगडी देवळे ओळीने लागतात आणि ती संपली की चढ अंगावर येतो. अवघड चढ सहा आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘सहापैकी एक’, ‘सहापैकी दोन’ अशा पाट्या लावलेल्या आहेत. पहिल्या चढावर मला इतका दम लागला की दर पन्नास पावलांवर थांबावे लागत होते, आणि परत फिरण्याचा विचार मनात येऊन गेला. त्या वेळी फांद्यांना टांगलेल्या छोट्या पांढऱ्या पाट्या उपयोगी पडल्या. कोणा ना कोणा यात्रेकरूने येणाऱ्यांसाठी धीराचे शब्द लिहून त्या टांगलेल्या असतात. मला सगळ्या वाचता येत नव्हत्या, पण ‘ओ-हेन्रो’, म्हणजे यात्रेकरू, हा शब्द ओळखता येत होता. पुढच्या पाटीपर्यंत जायचे आणि मगच थांबायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

३.२ किलोमीटरवर चोदो-आन नावाची छोटी मढी आहे. तिथे साडेआठला पोहोचले. तिथून पुढे वाट बरीचशी कड्याच्या धारेने जाते आणि श्वास जरा जागेवर येतो. ओल्या पानांच्या एका उतारावर माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यावर पडले. काठी हातात नसती तर बाजूच्या उतारावर गेले असते. गुडघा खरचटला, पण हाड शाबूत होते. चढापेक्षा उतारावर जास्त जपायला हवे, आणि नोव्हेंबरात गळलेली पाने दगड झाकून टाकतात हे लक्षात ठेवावे. काठी नेहमी डोंगराच्या खालच्या बाजूला टेकवावी असे मला नंतर मुक्कामी सांगण्यात आले.

पावणेअकराला र्यूसुइ-आनला पोहोचले. दाइशींनी इथे विलोची फांदी रोवली आणि पाणी निघाले, अशी कथा आहे. या मढीजवळ झऱ्याचे पाणी आहे. तिथे दोन यात्रेकरू उलट दिशेने येऊन बसले होते. २०२४ हे लीप वर्ष असल्याने पुष्कळ लोक मंदिरे उलट क्रमाने करत होते. लीप वर्षात उलटी यात्रा केली की तिप्पट पुण्य मिळते असे मानतात. त्यांनी पुढच्या वाटेचे नेमके वर्णन केले: आधी खूप चढ, मग खूप उतार, मग पुन्हा तेवढाच चढ. मी त्यांना दशमी दिली आणि त्यांनी मला मिठात घातलेले आलुबुखार दिले.

पुढचा टप्पा जोरेन-आनचा, आणि तो या वाटेवरचा माझ्या मते सर्वांत सुंदर क्षण आहे. शेवटच्या दगडी पायऱ्या चढताना मान वर केली की प्रचंड सुगी (जपानी सूचिपर्णी) वृक्षासमोर उभी असलेली कोबो दाइशींची मोठी मूर्ती एकदम दिसते. सगळे झाड एकदम नजरेत मावत नाही. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४५ मीटर उंच आहे. सव्वाबारा वाजले होते. मी तिथे अर्धा तास बसले, जेवले, मोजे बदलले. पायाला फोड येत असेल तर पट्टी इथेच लावून घ्यावी, कारण पुढच्या उतारावर बोटे बुटाला घासतात.

उतार जवळजवळ साडेतीनशे मीटरचा आहे आणि तो सावुची नावाच्या वस्तीपर्यंत नेतो. थोडी घरे, संत्र्यांची आणि सुदाची नावाच्या हिरव्या लिंबांची झाडे दिसली. मिळवलेली सगळी उंची गमावली आणि समोर तेवढाच डोंगर उभा आहे, हे तिथे एका नजरेत कळते. त्या वेळी मला रडू आले. थकव्यापेक्षा वेळेची धास्ती त्याला कारण होती. घड्याळात सव्वा वाजला होता. मी हिशेब केला: अंतर साधारण दोन-अडीच किलोमीटर, माझा चढावरचा वेग तासाला दीड किलोमीटर, म्हणजे तीनपर्यंत पोहोचता येईल. हिशेब कागदावर लिहिला आणि निघाले. सहावा चढ सगळ्यांत खडा आहे. त्या चढावर मी दुसरे काहीच केले नाही. फक्त ‘बुद्धं सरणं गच्छामि’च्या तीन ओळी पावलांवर म्हणत राहिले. ओळ संपली की पाऊल, पाऊल पडले की पुढची ओळ.

तीनला दहा मिनिटे कमी असताना वाट रुंद झाली आणि दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष दिसू लागले. शोसान-जी सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. नावाचा अर्थ ‘जळत्या डोंगराचे मंदिर’. मंदिराची कथा सांगते की या डोंगरात आग ओकणारा महासर्प राहत होता. कोबो दाइशी ८१५ मध्ये येथे आले तेव्हा त्याने डोंगर पेटवून दिला. दाइशी हातांच्या मुद्रा धरून मंत्र म्हणत चढत गेले आणि आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या साहाय्याने त्यांनी सर्पाला गुहेत कोंडले. कथा कथेच्या जागी, पण ज्या चढावर मला आत्ताच श्वास पुरला नव्हता, त्या चढावर एक माणूस काहीतरी म्हणत वर येत आहे हे चित्र मला अगदी खरे वाटले.

महाद्वारात वाकले, हात धुतले, घंटा एकदा वाजवली. मुख्य मंडपासमोर मेणबत्ती लावली, तीन उदबत्त्या लावल्या, चिठ्ठी टाकली. मी आधी पाली त्रिशरण आणि पंचशील म्हटले, हळू आवाजात, वडील म्हणत त्या चालीवर. मग पुस्तिका उघडून प्रज्ञापारमिताहृदय सूत्र जपानी उच्चारांत वाचले. त्याचा शेवट ‘ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई हारासो ग्यातेई बोजी सोवाका’ असा आहे. मूळ संस्कृत ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’. एवढे मी आधी वाचून गेले होते. मला माहीत नव्हते ते या मंडपाच्या मुख्य मूर्तीच्या मंत्राविषयी. मंत्र सोप्या जपानी अक्षरांत लिहिला होता. मी एकेक अक्षर लावत वाचू लागले: नोबो, आक्याशा, क्याराबाया. तिसऱ्यांदा वाचताना एकदम उलगडले: नमो आकाशगर्भाय. हा ‘नोबो’ म्हणजे आमच्या ‘नमो तस्स भगवतो’मधला नमो. चीनला गेलेल्या कूकाइंनी, म्हणजेच कोबो दाइशींनी, ८०४ ते ८०६ या काळात भारतीय भिक्खू प्रज्ञ यांच्याकडे संस्कृतचा अभ्यास केला होता. तो शब्द बाराशे वर्षे या वाटेने चढत राहिला आहे आणि उच्चार बदलले तरी तुटला नाही. मी तो मंत्र पुन्हा एकदा म्हटला, माझ्या उच्चारांत.

बाजूला तीन मुखांच्या दाइकोकुतेनचे स्थान आहे. दाइकोकु म्हणजे महाकाल. मी तिथे थांबले, पाहिले, वाकून मान दिला, पण हात जोडून प्रार्थना केली नाही. कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, कोणी काही विचारले नाही. जी भीती महिनाभर बाळगली होती, ती तिथे दोन मिनिटांत मिटली. माझ्यासारखा प्रश्न ज्यांना पडत असेल त्यांना मी इतकेच सांगेन की तुमची वंदना तुम्ही तुमच्या रीतीने घ्या. शांतपणे, दुसऱ्याला अडथळा न होता घेतलेली वंदना तिथे कोणालाही परकी वाटत नाही.

दाइशींच्या मंडपातही तेच केले आणि चार वाजण्यापूर्वी वही खिडकीत दिली. तिथल्या गृहस्थांनी ब्रश शाईत बुडवून अर्ध्या मिनिटात पानभर अक्षरे काढली आणि तीन लाल शिक्के उमटवले. मधल्या शिक्क्यातले बीजाक्षर ‘त्राः’ हे आकाशगर्भाचे. शाई ओली असते, म्हणून टिपकागद ठेवल्याशिवाय वही मिटू नये. त्यांनी विचारले, “चालत आलात?” मी हो म्हटले, तेव्हा त्यांनी खुर्चीवरून किंचित उठून मान लववली.

मुक्कामी फोन करून मी उतरायला लागले. साधारण दोन किलोमीटरवर जोशिन-आन आहे. तिथे एक उभी आणि एक गुडघे टेकलेली अशा दोन मूर्ती आहेत. गुडघे टेकलेला तो एमोन साबुरो. कथेप्रमाणे तो इयो प्रांतातील श्रीमंत माणूस. त्याने दारी आलेल्या भिक्षूला पुन्हा पुन्हा हाकलले आणि शेवटी त्याचे भिक्षापात्र फोडले. पात्राचे आठ तुकडे झाले आणि त्याची आठही मुले एकामागून एक गेली. भिक्षू कोण होता हे उमगल्यावर क्षमा मागण्यासाठी तो घर सोडून निघाला. वीस फेऱ्या केल्या तरी भेट झाली नाही, म्हणून एकविसावी फेरी उलट दिशेने सुरू केली आणि या ठिकाणी मरणोन्मुख अवस्थेत त्याला दाइशी भेटले. लीप वर्षातील उलट यात्रेचा संबंध याच कथेशी जोडतात. दाइशींनी त्याच्या थडग्यावर त्याचीच काठी रोवली आणि तिचा सुगी वृक्ष झाला, असे सांगतात. उशीर होण्याचे दुःख घेऊन मी आले होते. त्या मूर्तीसमोर उजेड संपत आलेला असतानाही मी जितका वेळ थांबायला हवा होता त्याहून जास्त थांबले.

पाचला पाच मिनिटे असताना मुक्कामी पोहोचले. दारातच घरच्या वयस्कर बाईंनी माझ्या हातून काठी घेतली, तिचे टोक पाण्याने धुतले, फडक्याने पुसले आणि ती आतल्या कोनाड्यात उभी केली. माझे बूट, माझे पाय हे सगळे त्यानंतर. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर जेवायला भात, तोफू, डोंगरी भाज्या आणि सगळ्यावर पिळायला सुदाची. रात्री आईला नागपूरला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, “वंदना घेतली का तू?” घेतली म्हटले. मग वहीचे पान तिला कॅमेऱ्यात दाखवले आणि ‘त्राः’ कोणते ते बोटाने सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “पान नीट ठेव.”

रविवारी सकाळी पायऱ्या उतरणे मला जवळपास अशक्य झाले होते. तेराव्या मंदिरापर्यंत चालण्याचा विचार सोडला. घरच्यांनी कामियामा गावातील बसथांब्यापर्यंत गाडीने सोडले आणि पैसे घेतले नाहीत. मी चिठ्ठी दिली. बसने तोकुशिमा आणि तिथून ओसाका. जाताना परतीच्या बसचे वेळापत्रक सुट्टीच्या दिवसाचे पाहावे, कारण रविवारी गाड्या कमी असतात. एकूण खर्च सुमारे ४१,००० येन झाला: बसचे ८,०००, सामानाचे ११,०००, दोन मुक्कामांचे १५,३००, तीन शिक्क्यांचे १,५००, आणि बाकी लोकल प्रवास व खाणे. त्या वेळच्या दराने साडेबावीस हजार रुपयांच्या आसपास.

पुढच्या मार्चमध्ये तेराव्यापासून सतराव्यापर्यंतचा टप्पा करायचा आहे. ती मंदिरे सपाटीवर एकमेकांच्या जवळ असून एका दिवसात होतात. आईला तोपर्यंत व्हिसा मिळाला तर तीही येईल. तिच्यासाठी चिठ्ठ्यांचा निम्मा गठ्ठा मी बाजूला काढून ठेवला आहे.